झांकली मूठ : जुन्या स्मारक-शस्त्राची ओळख आणि मोल

जुन्या घरांत जुनीं शस्त्रें असतात आणि त्या शस्त्रांना चिकटलेल्या जुन्या हकीकती असतात. भिंतीवरच्या तरवारीची हकीकत बहुधा कोठल्या तरी लढाईपर्यंत जाऊन पोंचते. कपाटांतल्या रिव्हॉल्व्हरची हकीकत एखाद्या गोऱ्या अंमलदारापर्यंत, नाहीं तर एखाद्या क्रांतिकारकापर्यंत. ती सांगणारा माणूस खोटें बोलत असतो असें नव्हे. त्यानें ती वडिलांकडून ऐकलेली असते आणि वडिलांनीं आजोबांकडून. परंतु पोलादावर उमटलेले ठसे कोणाचें ऐकून बोलत नाहींत. ते जें सांगतात तें आणि घरांत जें सांगितलें जातें तें, यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहणें म्हणजेच अशा वस्तूची ओळख पटविणें. आणि ओळख पटल्यावांचून मोल ठरत नाहीं.

सोलापुरास या विषयाचें अगत्य थोडें अधिक आहे. १९३० च्या मे महिन्यांत महात्मा गांधींना अटक झाल्याची वार्ता येतांच या गांवांत जो क्षोभ उसळला, त्यापुढें कांहीं दिवस सरकारचा अंमल नांवालाहि उरला नाहीं. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारण्यांत आला. पुढें मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. त्याच वर्षीं २२ जुलै रोजीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानें मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर रिव्हॉल्व्हर झाडलें. सोलापुरच्या जुलमाचा जाब विचारणें हा त्याचा हेतु होता. हॉटसन बचावले, गोगट्यांना तुरुंगवास घडला. चार हुतात्मा चौकांतील पुतळे ज्या गांवांत रोज दृष्टीस पडतात, त्या गांवांत एखाद्या घरीं जुनें रिव्हॉल्व्हर निघालें, तर लोकांचें मन त्याचा धागा आपोआप १९३० शीं जोडतें.

शुक्रवार पेठेंतील असें एक घर डोळ्यांसमोर आणावें. घर कल्पित आहे. प्रसंग मात्र कोणत्याहि जुन्या घरीं घडावा असा आहे. कर्ता पुरुष नुकताच वारला आहे. मागें वृद्ध पत्नी आणि दोन मुलगे आहेत. थोरला शाळेंत शिक्षक. धाकट्याचे यंत्रमाग आहेत, त्यांपैकीं चार बंद पडलेले आणि बँकेचा तगादा लागलेला. तेरावा दिवस उलटल्यावर कपाट उघडलें. कापडांत गुंडाळलेलें एक लहानसें रिव्हॉल्व्हर, वडिलांच्या नांवचा परवाना आणि त्याखालीं आजोबांच्या नांवचा जुना, पिवळा पडलेला परवाना, अशा तीन वस्तु बाहेर आल्या. रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर काळपट कातडें शिवलेलें होतें. त्याची हकीकत थोरल्याला तोंडपाठ होती. लष्करी कायद्याच्या दिवसांत आजोबांनीं तें एका गोऱ्या सोजिराच्या हातांतून हिसकावून घेतलें, असें तो लहानपणापासून ऐकत आला होता. आणि दर वर्षीं १२ जानेवारीला शाळेंतल्या मुलांपुढें सांगतहि आला होता.

धाकटा म्हणाला, "दादा, हकीकत खरी असेल तर या वस्तूला लाखांनीं किंमत येईल. मग ती कपाटांत कुजत कां ठेवायची?"

थोरल्यानें उत्तर दिलें नाहीं. आई मात्र म्हणाली, "आधीं ती घरांत ठेवतां येते का, तें विचारा."

आईचा प्रश्नच पहिला होता. शस्त्राचा परवाना हा शस्त्राला नसतो, माणसाला असतो. माणूस गेला कीं परवान्याचा आधार संपतो. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें ज्याच्या ताब्यांतील शस्त्र कायदेशीर राहिलेलें नाहीं, त्यानें तें विनाकारण विलंब न लावतां जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचें असतें. जमा केल्यानें मालकी जात नाहीं. पावती मिळते, आणि वारसाला स्वतःच्या नांवें परवान्यासाठीं अर्ज करतां येतो. सोलापुर शहरांत हा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. वस्तु शंभर वर्षांची आहे म्हणून परवाना नको, ही समजूत घरोघरीं आढळते. ती घातक आहे. कायद्यानें सूट दिली आहे ती जुनाट घडणीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला. परंतु तें शस्त्र जसेंच्या तसें अथवा दुरुस्त करूनहि झाडतां येणार नाहीं अशा स्थितींत असलें पाहिजे. ज्यांत आजहि काडतूस बसतें, तें रिव्हॉल्व्हर कितीहि जुनें झालें तरी शस्त्रच होय.

दुसरा नियम कायद्याचा नाहीं, जिवाचा आहे. सांपडलेलें शस्त्र भरलेलें आहे असेंच धरून चालावें. नळीचें तोंड माणसाकडे करूं नये, घोडा ओढून पाहूं नये, चापाला बोट लावूं नये. जुनीं काडतुसें फुटत नाहींत, असें कोणीं सांगितलें तर ऐकूं नये. आणि तिसरा नियम असा कीं, वस्तु घासून चकचकीत करूं नये. पोलादावरची निळसर झिलई हें शस्त्राचें मूळ अंगकांति. ती गेली कीं परत आणतां येत नाहीं. वाळू, चिंच, राख यांनीं तांब्यापितळेचीं भांडीं उजळतात. रिव्हॉल्व्हर मात्र त्यानें कायमचें उतरतें. घासलेल्या पोलादावर अक्षरांच्या कडा गोल होतात आणि जाणता माणूस तें एका नजरेंत ओळखतो.

दोघा भावांनीं दुसऱ्याच दिवशीं तें रिव्हॉल्व्हर एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घेतली. तेथला कारागीर उतारवयाचा होता. त्यानें प्रथम शस्त्र रिकामें असल्याची खात्री केली आणि मग भिंग घेतलें. त्याच्या पाहण्याचा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

प्रथम त्यानें घडण पाहिली. सॅम्युएल कोल्टनें १८३६ मध्यें अमेरिकेंत फिरत्या चक्राच्या शस्त्राचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून रिव्हॉल्व्हरच्या घडणी अनेक वेळां पालटल्या. कांहींत चक्र बाजूला निघतें, कांहींत एकेक घर उघडून काडतूस घालावें लागतें. येथें मात्र वरची कळ दाबतांच नळी पुढें खालीं झुकली आणि चक्राचीं सहाहि घरें उघडीं पडलीं. ही मोडती घडण इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्यानें फार रूढ केली. दुसरें त्यानें व्यास पाहिला. काडतुसाचा व्यास .३२ भरला. येथेंच कारागिरानें एकदां मान वर करून थोरल्याकडे पाहिलें. "सोजिराजवळचें म्हणतां? ब्रिटिश लष्कराला वेब्ली जें रिव्हॉल्व्हर पुरवी, तें .४५५ व्यासाचें. १९१५ सालचें त्याचें सहावें रूप तर चांगलेंच दांडगें असतें. हें खिशांतलें शस्त्र आहे."

तिसरें, त्यानें नांव वाचलें. नळीवर वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड अशीं अक्षरें होतीं. हें नांव कालाची एक खूण आहे. वेब्ली आणि स्कॉट या पेढ्या १८९७ मध्यें एकत्र झाल्या तेव्हां कंपनीचें नांव लांबलचक होतें. १९०६ मध्यें तें आटोपशीर झालें. म्हणजे ही वस्तु १९०६ च्या मागची नव्हे. चौथें, त्यानें कसोटीचे ठसे पाहिले. इंग्लंडांत प्रत्येक नळी जास्त दारू भरून तपासण्याचा दंडक आहे. लंडनची बंदूककारांची पेढी १६३७ च्या सनदेची, आणि बर्मिंगहॅमचें कसोटीघर १८१३ चें. १९०४ पूर्वीं बर्मिंगहॅमच्या ठशांत मुकुटाखालीं एकमेकांवर आडवे ठेवलेले राजदंड असत. त्यानंतर मुकुटाखालीं इंग्रजी अक्षरें आलीं. या चक्रावर मुकुट आणि अक्षरें होतीं, राजदंड नव्हते. दोन्ही खुणा एकमेकींना दुजोरा देत होत्या.

पांचवी खूण म्हणजे न आढळलेली खूण. इंग्रज सरकारच्या मालकीच्या वस्तूवर रुंद बाणाचें चिन्ह ठोकलेलें असे. आणि सरकारनें ती विकून टाकली तर दोन बाण टोकाला टोक लावून ठोकीत. भिंगानें सगळें अंग धुंडाळलें तरी बाण दिसला नाहीं. अंमलदार पदरचे पैसे खर्चून शस्त्र विकत घेत, हें खरें. म्हणून बाण नाहीं एवढ्यावरून सोजिराची गोष्ट खोटी ठरत नाहीं. पण व्यास, घडण आणि बाण या तिन्हींनीं तिला आधार दिला नाहीं, इतकें निश्चित. शेवटीं कारागिरानें सांगाड्यावरचा अनुक्रमांक वाचला आणि दोन्ही परवान्यांवरच्या अंकाशीं ताडून पाहिला. तीनहि अंक एकच निघाले. तेव्हां तो म्हणाला, "हिसकावून घेतलेल्या शस्त्राचा परवाना सरकार देईल का, याचा विचार करा. या जुन्या कागदावरची तारीख १९२६ सालची आहे."

थोरल्याचा चेहरा उतरला. धाकट्यानें दुसराच प्रश्न केला. "मग याची किंमत काय?"

कारागीर मुठीवरून अंगठा फिरवीत होता. कातड्याखालीं त्याला एका बाजूला सपाट, थंड असें कांहींतरी आणि दोन स्क्रूंचीं डोकीं लागलीं. शिवण जुनी होती. दोघांची संमति घेऊन त्यानें ती न फाडतां टांका टांका उसवली. आंत चांदीची एक लहान पट्टी होती, काळी पडलेली. तिच्यावर इंग्रजींत पणजोबांचें नांव, मित्रमंडळींकडून सप्रेम भेट असा मजकूर, आणि १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबाराचें स्मरण म्हणून, अशीं अक्षरें कोरलेलीं होतीं.

येथें थोडें थांबून स्मारक-शस्त्र म्हणजे काय हें स्पष्ट केलें पाहिजे, कारण या एका शब्दांत तीन निरनिराळ्या वस्तु येतात. पहिली, कारखान्यानेंच एखाद्या प्रसंगाच्या स्मरणार्थ ठराविक संख्येनें काढलेली. अमेरिकेंत कोल्ट कारखान्यानें १९६१ पासून अशीं रिव्हॉल्व्हरें पुष्कळ काढलीं. त्यांवर सोन्याचांदीचें काम, बरोबर मखमलीची पेटी. त्यांचें मोल कोरेपणावर असतें. एकदां गोळी झाडली, किंवा चक्र फिरवून त्यावर रेघ उमटली, किंवा पेटी हरवली, कीं भाव उतरला. शिवाय संग्रहासाठींच जी वस्तु जन्मते ती सगळेच जपून ठेवतात, म्हणून ती दुर्मिळ होत नाहीं. अशा पुष्कळ संग्राहकांच्या आशा फोल ठरल्या आहेत. आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ मध्यें ‘निर्भीक’ नांवाचें .३२ चें हलकें रिव्हॉल्व्हर काढलें. दिल्लींतील अत्याचारांत बळी पडलेल्या तरुणीला लोकांनीं दिलेल्या नांवाची आठवण त्या नांवांत होती. पण तें वापरासाठीं, संग्रहासाठीं नव्हे. त्याची किंमत सुमारें १ लाख २२ हजार रुपये होती.

दुसरी वस्तु म्हणजे साधें शस्त्र विकत घेऊन, त्यावर मजकूर कोरून कोणाला दिलेली भेट. तिचें मोल देणारा, घेणारा आणि प्रसंग यांवर असतें. आणि मजकूर त्याच काळचा आहे कीं मागाहून कोरला, हें पाहावें लागतें. कोरीव अक्षरांची झीज बाजूच्या धातूइतकीच हवी. स्क्रूच्या खांचा विस्कटलेल्या असतील तर पट्टी मागून बसविली असावी असा संशय घ्यावा. तिसरी वस्तु ही कोणताहि मजकूर नसलेली, पण इतिहासांतील एखाद्या घटनेशीं जोडलेली. १८८१ मध्यें शेरीफ पॅट गॅरेट यानें ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरनें बिली द किड या नामांकित गुंडास मारलें, तें २०२१ मध्यें लिलांवांत ६० लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेलें. तसलेंच दुसरें कोल्ट त्याच्या शेंकडों पट स्वस्त मिळेल. पोलाद तेंच, फरक आहे तो पुराव्याच्या साखळीचा. त्या साखळींतली एक कडी तुटली, तर उरतें तें नुसतें पोलाद.

घरीं परत आल्यावर थोरला बराच वेळ ओसरीवर बसून राहिला. ज्या गोष्टीवर त्यानें मुलांची मनें पोसलीं, ती गोष्ट दरबाराच्या पट्टीनें पुसून टाकली होती. हिसकावलेलें शस्त्र नव्हतें. पादशहाच्या राज्यारोहणाचा आनंद साजरा करणारी भेट होती. अखेर आई शेजारीं येऊन बसली.

"कातडें कोणीं शिवलें, तें विचारलेंस का?" तिनें म्हटलें. "तुझ्या आजीनें मला सांगितलें होतें, मी लग्न होऊन आलें त्या वर्षीं. चौघांना फांशी दिल्याची बातमी गांवांत आली, त्या आठवड्यांत मामंजींनीं मोच्याला घरीं बोलावून मुठीवर कातडें शिवून घेतलें. वडिलांची भेट फेंकवेना, आणि त्या अक्षरांवर हातहि ठेववेना."

"मग आई, इतकीं वर्षें बोलली कां नाहींस?"

"तूं मुलांना इतक्या हौसेनें सांगत होतास. आणि मामंजींनीं जें झांकलें तें आपण कां उघडावें, असें वाटे."

दोन दिवसांनीं एक दलाल घरीं आला. त्यानें कोठून तरी बातमी ऐकली होती. त्याचें म्हणणें सरळ होतें. पट्टी काढून टाकावी, दोन भोकें बुजवावीं, कातडें पुन्हां शिवावें आणि घराण्याची जुनी हकीकत एका कागदावर लिहून सही करावी. सोलापुर, १९३०, सोजीर, एवढे तीन शब्द असले कीं हौशी गिऱ्हाईक आपोआप येतें. त्यानें जी रक्कम सांगितली तिच्यांत धाकट्याचे चारी माग सुरू झाले असते.

या ठिकाणीं मोलाचा हिशेब नीट मांडला पाहिजे. अशा शस्त्राच्या किमतीचे तीन थर असतात. पहिला थर वापराचा. परदेशी रिव्हॉल्व्हरची खासगी आयात गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या मध्यापासून बंद पडल्यामुळें आपल्या देशांत जुनीं विलायती शस्त्रें त्यांच्या गुणाहून कितीतरी महाग झालीं. हा भाव इतिहासाचा नव्हे, टंचाईचा. दुसरा थर संग्राहकाचा. त्यांत मूळ झिलई किती उरली, अंक जुळतात का, सुटे भाग बदलले आहेत का, कागदपत्रें आहेत का, हें पाहतात. परदेशांतील लिलांवाचे आंकडे वाचून मात्र कोणीं हुरळून जाऊं नये. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील कलावस्तु खासगी माणसाला देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. आणि देशांत गिऱ्हाईक होऊं शकतो तो फक्त परवानाधारक. म्हणजे बाजार लहान. तिसरा थर हकीकतीचा. आणि लबाडीला वाव आहे तो याच थरांत. पट्टी काढली, तर ती भेट उरत नाहीं. खोटी हकीकत जोडली, तर ती फसवणूक होते. आणि पुढें कोणीं भिंग घेऊन व्यास व बाण पाहिला, तर दोन्ही मोलें एकदम जातात.

धाकटा गरजू होता, लबाड नव्हता. त्यानें दलालाला विचारलें, "कागदावर सही कोणाची?" दलाल म्हणाला, "आपली, नाहीं तर आईंची." धाकट्यानें आईकडे पाहिलें आणि दलालाला चहा पाजून वाटेला लावलें.

मग कारागिरानें लेखी मोल काढून दिलें: वेब्लीचें .३२ व्यासाचें, सहा घरांचें, अंक जुळणारें, झिलई निम्म्याहून अधिक शिल्लक, समकालीन चांदीची पट्टी, मुठीला मागाहून शिवलेलें कातडें. कातडें काढून टाकावें का, असें थोरल्यानें विचारलें. कारागीर म्हणाला, "मुळींच नको. त्याचाहि शंभर वर्षांच्या आंतबाहेरचा इतिहास आहे. उसवलेलें कातडें आणि दोरा दोन्ही पिशवींत घालून शस्त्राबरोबर ठेवा." थोरल्यानें वारस म्हणून परवान्यासाठीं अर्ज केला, आणि लेखी मोलाची अर्धी रक्कम आपल्या भविष्य निर्वाह निधींतून काढून धाकट्याला दिली. तिच्यांत चार माग सुरू झाले नाहींत, दोन झाले.

त्यानंतर त्यानें एक टांचण लिहिलें. त्याचे तीन भाग केले. पहिल्यांत धातूवर जें प्रत्यक्ष दिसतें तें. दुसऱ्यांत परवान्यांच्या कागदांवर जें लिहिलें आहे तें. तिसऱ्यांत आईनें तिच्या सासूकडून जें ऐकलें तें, ऐकीव म्हणून स्पष्ट नमूद करून. खालीं आईचा अंगठा नव्हे, तिच्या वळणदार अक्षरांतली सही घेतली. सोजिराच्या गोष्टीलाहि त्यानें वगळलें नाहीं. घरांत अशी गोष्ट सांगत, पण खुणांनीं ती खरी ठरत नाहीं, एवढें एक वाक्य शेवटीं घातलें. कोणत्याहि घरीं जुनी वस्तु निघाली, तर असेंच टांचण करावें. पाहिलेलें, लिहिलेलें आणि ऐकलेलें हीं तीन धान्यें एका कणगींत घालूं नयेत.

पुढच्या १२ जानेवारीला शाळेंत नेहमीप्रमाणें मुलें जमलीं. थोरल्यानें चौघां हुतात्म्यांचीं नांवें सांगितलीं आणि मग, आजवर सांगितलेली सोजिराची गोष्ट खरी नव्हती, हें प्रथम कबूल केलें. वर्गांत क्षणभर शांतता पसरली. नंतर त्यानें दरबाराच्या पट्टीची आणि कातड्याची गोष्ट सांगितली. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, मग तुमचे आजोबा शूर होते कीं नव्हते?"

थोरल्यानें जरा विचार केला. "शूर होते, असें म्हणवत नाहीं," तो म्हणाला, "पण त्यांना लाज वाटली. ज्यांना फांशी झाली त्यांच्यामुळें वाटली. तेवढें खरें आहे."

झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपण म्हणतों. ज्यांच्या घरीं अशी मूठ झांकलेली असेल त्यांनीं ती जाणत्या हातांनीं, कायद्याच्या वाटेनें आणि टांका न फाडतां उघडावी. लाख कदाचित् सव्वा राहणार नाहींत. पण जें उरेल तें पुढच्या पिढीच्या हातीं निःशंकपणें देतां येईल.